मार्ककृत शुभवर्तमानाचा शेवट

मार्ककृत शुभवर्तमान नेमके कुठे संपते, हा वाद चौथ्या शतकापासून चालू आहे. सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनापर्यंत फारसा घोळ नाही. मग्दालीया मरीया, याकोबाची आई मरीया आणि सलोमे सुगंधी द्रव्ये घेऊन पहाटे कबरेपाशी येतात. तोंडावरची धोंड बाजूला सरकलेली असते. आत बसलेला शुभ्र झग्यातला तरुण सांगतो, येशू उठला आहे, तो गालीलात भेटेल, शिष्यांना कळवा. स्त्रिया थरथरत पळत सुटतात आणि भीतीपोटी कोणाजवळ अवाक्षर काढत नाहीत. सिनायटिकस आणि व्हॅटिकनस या चौथ्या शतकातल्या ग्रीक पोथ्यांत मार्ककृत शुभवर्तमान इथेच थांबते. उठलेला येशू तिथे कोणाच्या दृष्टीस पडतच नाही.

बहुसंख्य पोथ्यांत पुढे आणखी 12 वचने आहेत: येशूचे दर्शन, शिष्यांची कानउघाडणी, सुवार्ता सांगण्याची आज्ञा, स्वर्गारोहण. ही भर जुनी आहे. दुसऱ्या शतकात इरेनियसला ती ठाऊक होती. पण सांधा उघडा पडतो. आत्ताच कबरेवरून पळालेल्या मग्दालीया मरीयेची ओळख तिथे नव्याने करून दिली जाते. त्यामुळे ही वचने मार्कची नाहीत, असे बहुतेक अभ्यासक मानतात. काही पोथ्यांत तर एक आटोपशीर, निराळाच शेवट सापडतो.

आठव्या वचनावरचा शेवट वाचकाला अडचणीत टाकतो. आश्वासन मिळाले आहे, दर्शन नाही. विश्वास ठेवायचा तो तेवढ्यावरच. अर्थात स्त्रियांचे मौन कायम टिकले नसणार, नाहीतर ही कथा लिहिली कोणी? लांब शेवट साक्षीदार उभे करतो आणि वाचकाला या पेचातून सोडवतो. जुन्या करारातल्या योनाच्या पुस्तकाचा शेवटही असाच अधुरा आहे: तो देवाच्या प्रश्नाने होतो आणि योनाचे उत्तर येत नाही. तिथे ते खटकत नाही, कारण प्रश्न दयेचा आहे. मार्कमध्ये प्रश्न घटनेचा आहे. तरीही आठव्या वचनावरचा शेवटच अधिक धीट वाटतो.

शेवट लांबवला की त्यातला शब्दन् शब्द पाळणारेही निघतात. विश्वास ठेवणारे साप उचलतील, हे वाक्य या 12 वचनांतलेच. त्याच्या आधारे अमेरिकेच्या ॲपलाचिया भागातल्या काही मंडळ्या उपासनेत विषारी साप हाताळतात. या प्रथेचा प्रमुख प्रचारक जॉर्ज वेंट हेन्सली 1955 साली सर्पदंशानेच मेला.

कॅथलिक चर्च ही वचने प्रमाण मानते. आधुनिक आवृत्त्यांत ती बहुधा कंसात किंवा टीप देऊन छापली जातात.