पिठाची बोटं

गणपतीपुळ्याला माणूस देवासाठी येतो, समुद्रासाठी येतो, उकडीच्या मोदकांसाठी येतो. वाचायला म्हणून कोणी येत नाही. तरी पिशवीत एखादं पुस्तक टाकून आणणारे पुष्कळ. घरी सवड होत नाही, तिथे दोन दिवस निवांत मिळतील, तेवढ्यात संपवू, असा बेत असतो. मग देवदर्शन होतं. डोंगर हाच देव, म्हणून प्रदक्षिणा अख्ख्या डोंगराला, तीही होते. वाळूत पोरांची उंटावरून फेरी होते, दुपारी मोदक दोन जास्तच जातात, आणि पुस्तक तिसाव्या-चाळिसाव्या पानावर एसटीचं तिकीट अडकवून गादीशेजारी पडून राहतं. निघायच्या गडबडीत ते तिथेच राहून जातं. विसरलेला चार्जर लोक फोन करून मागवतात. विसरलेलं पुस्तक मागवणारा पाहुणा बायच्या आईने अजून पाहिलेला नाही.

बाय नववीतली मुलगी. घरात आणि वाडीत तिला सगळे बायच म्हणतात, आपणही तेच म्हणू. वडील जयगडला बंदरात कामाला, आठवड्याने घरी येणारे. घर रस्त्यापासून आत, माडांच्या आगरात. तीन खोल्या पाहुण्यांना द्यायच्या, पुढे ‘घरगुती राहण्याची व जेवणाची उत्तम सोय’ अशी पाटी. चादरी, आंघोळीचं पाणी, घावणे, सोलकढी, मोदकांच्या ऑर्डरी हे सगळं आईकडे. खोली झाडताना सापडलेली पुस्तकं बायकडे. 

अशी फळीभर पुस्तकं जमली होती. ‘मृत्युंजय’च्या तीन प्रती होत्या, कारण तो ग्रंथ दोन दिवसांच्या सहलीत संपवू असं वाटणारी माणसं महाराष्ट्रात बरीच आहेत. श्रीमंत कसं व्हावं हे सांगणारी पुस्तकं होती, तीही विसरलेली. बाय सगळं वाचायची. वाचायचं वेड तिला खरंच होतं, पाखाडीवर बसून, अंगणातल्या झोपाळ्यावर, शाळेच्या बसमध्ये. खानावळीच्या हिशोबाची एक लांबट वही तिने मागून घेतली होती. त्यात अनुक्रमांक, पुस्तक, लेखक आणि शेरा असे रकाने आखले होते. सुरुवातीचे शेरे लांब आहेत. ‘स्मृतिचित्रे’वर तर तिने अडीच पानं लिहिली आहेत आणि त्यात लक्ष्मीबाई टिळकांशी एके ठिकाणी चक्क भांडली आहे.

पुढे तिने मनाशी ठरवलं, दहावी सुरू होण्याआधी शंभर पुस्तकं. तिथून वहीतलं अक्षर बदलतं.

आकडा एकदा डोक्यात बसला की माणूस पुस्तक उचलण्याआधी त्याची जाडी बघतो. बायही बघू लागली. बारीक पुस्तकं आधी. मग पहिली चाळीस पानं आणि शेवटची दोन. मग मलपृष्ठ. एक गोष्ट तिच्या लवकरच ध्यानात आली. एखादं पुस्तक का आवडलं हे सांगायचं तर ते वाचलेलं असावं लागतं, टिंगल करायला तेवढंही लागत नाही. शिवाय टिंगल लोकांना आवडते. जेवणाची वाट बघत बसलेले पाहुणे वही चाळायचे आणि खो खो हसायचे. कोणी पानाचा फोटो काढून न्यायचं. “काय लिहिते हो तुमची मुलगी!” म्हणायचं. आई ताट वाढता वाढता ऐकायची. मग बायने शेरे चिठ्ठ्यांवर उतरवून त्या त्या पुस्तकाच्या पहिल्या पानाला डकवायला सुरुवात केली, म्हणजे पाहुण्यांना शोधायला नको.

‘बनगरवाडी’वरची चिठ्ठी अशी होती: “क्र. ४७. मास्तर, मेंढरं आणि माळ. काही घडत नाही. झोप येत नसेल त्यांनी अवश्य न्यावे.”

१५ ऑक्टोबरला, म्हणजे अब्दुल कलामांच्या जन्मदिवशी, वाचन प्रेरणा दिन असतो. त्या वर्षी शाळेने तो मालगुंडला केला. मालगुंड म्हणजे पुळ्याच्या शेजारचंच गाव, चालत जाण्याजोगं. पुळ्याला येणाऱ्या गाड्यांतल्या किती गाड्या तेवढ्या पुढे जातात, हे मात्र विचारू नये. कृष्णाजी केशव दामले, म्हणजेच कवी केशवसुत, १८६६ साली तिथे जन्मले. त्यांचं घर जतन केलेलं आहे आणि शेजारी कोकण मराठी साहित्य परिषदेने उभं केलेलं स्मारक आहे. लेखक मधु मंगेश कर्णिकांनी त्यासाठी किती खटपट केली ते कोकणातल्या वाचणाऱ्या माणसाला सांगायला नको. 

तिथे बाईंनी मुलांना एक गोष्ट सांगितली. केशवसुत १९०५ साली हुबळीला प्लेगने गेले, चाळिशीही न गाठता. पोटापाण्यासाठी शिक्षकाची नोकरी, आज या गावी तर उद्या त्या. आयुष्यभराच्या कविता दीडशेच्या आत, त्याही मासिकांतून विखुरलेल्या. कवी हयात असताना पुस्तक काही निघालं नाही. ते निघालं १९१७ साली, हरिभाऊ आपट्यांनी मनावर घेतलं म्हणून. हरिभाऊ स्वतः एवढे मोठे कादंबरीकार, पण या कामात ते होते केशवसुतांचे वाचक. ते नसते तर आज आपण इथे कशाला जमलो असतो, असं बाईंनी विचारलं. मुलं पंख्याकडे बघत होती. बाय आपल्या वहीतली पानं दुमडून ठेवत होती, कारण पुढचा नंबर तिचा होता.

तिने आठ-दहा शेरे वाचले. सभागृह हसलं, शिक्षकही हसले. क्रमांक सत्तेचाळीसला सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या.

कार्यक्रम सुटल्यावर अंगणात एक म्हातारे गृहस्थ तिच्यापाशी आले. ते बायच्याच घरी उतरले होते, आटपाडीकडचे, निवृत्त प्राथमिक शिक्षक. सकाळी घावणे खाताना त्यांनी कार्यक्रमाचं ऐकलं होतं आणि चालत मालगुंडला आले होते.

“छान बोललीस पोरी,” ते म्हणाले. “मला एवढं एकच सांग. त्या तालमीचं पुढं काय झालं गं? वाचून लई वर्षं झाली, आता आठवंना.”

“कसली तालीम?” बायने विचारलं.

म्हाताऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता. “आसंल आसंल,” ते म्हणाले, “माझीच गफलत हुती. दुसऱ्या कुठल्या तरी पुस्तकातली आसंल ती.” आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून फाटकाकडे गेले.

खोडून काढलं असतं तर ती भांडली असती. भांडणात ती कमी पडत नाही. पण समोरच्याने तिची लाज झाकायला स्वतःकडे विसरभोळेपणा घेतला, त्याला उत्तर कुठून आणायचं? घरी येईपर्यंत तिचे कान गरम होते.

घरी आल्याबरोबर तिने फळीवरून ‘बनगरवाडी’ काढलं. अडतिसाव्या पानावर रत्नागिरी–गणपतीपुळे एसटीचं तिकीट होतं. पाहुण्याने पुस्तक सोडलं तिथेच बायनेही सोडलं होतं. तालीम कुठे आहे ते बघायला ती भराभरा पानं उलटू लागली, तर पानं नीट उलटेनात. उजव्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात ती एकमेकांना हलकी चिकटली होती. सोडवली की किरकिर आवाज यायचा. तिने पान उजेडाकडे धरलं. कोपऱ्यात पांढरट, वाळून कडक झालेला डाग होता, अंगठ्याएवढा. नखाने खरवडला तर भुगा पडला. तांदळाच्या पिठाचा. पुढच्या पानावर तसाच, त्याच्या पुढच्यावरही. काही डागांत बोटाच्या रेषासुद्धा उमटल्या होत्या आणि भोवती तेलाची फिकट कड होती, उकड मळताना हाताला लावतात तेवढ्या तेलाची. हे ठसे तिकिटाच्या पानाशी थांबले नव्हते. ते एकसष्टाव्या पानापर्यंत गेले होते. बासष्टपासून पानं कोरी, दुकानातून आणल्यासारखी.

आई मागच्या पडवीत नारळ खवत होती.

“आई, हे पुस्तक तू वाचत होतीस?”

“होते की.”

“कधी?”

“मोदकपात्र ठेवलं की दहा-पंधरा मिनिटं असतात गो. वाफ येईस्तोवर काय करायचं? बसायचे तिथेच.”

“मग सोडलंस का मध्येच?”

आईची खवणी थांबली नाही. “तू चिठ्ठी लावलीस ना त्याला. मला बरं वाटत होतं ते. म्हटलं, बाय एवढी वाचणारी, पाहुणे तिची वही वाचून वाखाणतात, तीच म्हणते काही घडत नाही, तर पुढे नसेल काही. आपल्याला काय कळतंय त्यातलं.”

पाहुण्यांसाठी लिहिलेली चिठ्ठी घरातल्या घरात अशी लागू पडली होती. जी बाई तिच्यापेक्षा तेवीस पानं पुढे होती, तिने तिच्या शब्दाखातर पुस्तक मिटून ठेवलं होतं. पाहुण्यांचं काय, ते हसून विसरले असतील. आईने मात्र शब्द खरा मानला होता.

बायने त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी शाळा बुडवून पुस्तक पुरं केलं. (शाळा बुडवली हे बरं केलं असं मी म्हणणार नाही, पण पोट दुखण्याचं कारण सांगून याहून वाईट कामं मुलं करतात.) तालीम तिला सापडली. धनगरांनी हातांनी उभी केलेली. तिच्या उद्घाटनाला औंधचे राजेसाहेब येतात, तोही प्रसंग सापडला. आणि मग दुष्काळ. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत ही इथली अडचण. पाऊस येतच नाही आणि म्हणून गावच्या गाव मेंढरं घेऊन उठून जातं, हे बायने कधी मनात आणलं नव्हतं. व्यंकटेश माडगूळकरांच्या, १९५५ साली छापून आलेल्या या लहानशा पुस्तकात एक अख्खी वाडी रिकामी होते, आणि तिने लिहिलं होतं, काही घडत नाही. 

ते म्हातारे गुरुजी पहाटेच्या गाडीने निघून गेले होते. नोंदवहीत नुसतं नाव आणि गाव, फोनच्या जागी रेघ.

तिने वही काढली आणि पहिल्यापासून तपासली. जे पूर्ण वाचलं नव्हतं त्याचा क्रमांक खोडायचा, एवढा नियम. सत्तेचाळिसातले एकोणीस उरले. पुस्तकांवरच्या बाकीच्या चिठ्ठ्या तिने पाण्याचा हात लावून सोडवल्या. खळ घट्ट होती, दोन-तीन पुस्तकांची पहिली पानं फाटली, ती फाटलीच. ‘बनगरवाडी’ स्वयंपाकघरात मोदकपात्राशेजारच्या फळीवर नेऊन ठेवलं.

आईला ते संपवायला दिवाळी उलटली. मध्ये अंगारकी आली, तेव्हा तर चार दिवस पुस्तकाला हात लागला नाही. आमच्या पुळ्यात घरोघर गणपती बसवायची रीत नाही, सगळ्यांचा एकच, त्यामुळे गर्दीच्या दिवशी जे काही मोदक वळायचे ते आल्यागेल्यासाठी. मग एका दुपारी तिने पुस्तक बायच्या पुढ्यात ठेवलं. शेवटच्या पानापर्यंत पीठ.

“ती शेकूची बायको,” आई म्हणाली, “एक बैल कमी पडला तर स्वतः औताला मान देते. आणि तो मास्तर बघून नवल करतो. यात नवल कसलं? बाईमाणसाला विचार की.”

“हे लिहू वहीत?”

“लिही.”

बायने रकाना आखला. अनुक्रमांक वीस. पुस्तक, लेखक. शेऱ्याच्या रकान्यात आईने सांगितलं ते शब्दाला शब्द घेतलं. “आणखी काय लिहू?”

आईने जरा विचार केला. “लिही, मोदकपात्र चुलीवर असताना हे पुस्तक घेऊ नये. खालचं पाणी आटतं आणि पात्र करपतं.”

“आई! हा काय शेरा झाला?”

“का नाही झाला? पात्र करपलं माझं, एकवीस मोदक गेले. तुझ्या त्या सत्तेचाळीस पुस्तकांनी कधी काही करपवलं होतं का?”