नव्या इंजिनाला काम हवं

दसऱ्याला चाकाखाली लिंबू फुटतं, बॉनेटवर हार चढतो आणि ‘एमएच-०६’ची पाटी लावलेली नवीकोरी गाडी दारात उभी राहते. लगेच सल्ले सुरू होतात. एक म्हणतो, ‘पहिले हजार किलोमीटर चाळीसच्या वर न्यायचीच नाही.’ दुसरा म्हणतो, ‘आत्ताच खेचून घे, इंजिन मोकळं होईल.’ दोघांचंही अर्धंच खरं.

नव्या सिलिंडरची आतली भिंत आरशासारखी गुळगुळीत नसते. जात्याला टाकी लावावी तशा तिच्यावर कारखान्यातच एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा पाडलेल्या असतात. त्या रेघांत ऑइल धरून राहतं आणि पिस्टनच्या रिंगा त्यांच्यावर घासत भिंतीशी जुळतात. पण रिंगा भिंतीवर नीट दाबल्या जातात त्या जळत्या वायूच्या दाबाने आणि तो दाब इंजिनावर भार पडल्याशिवाय पुरेसा येत नाही. फारच जपून हाकलं, तर रिंगा बसण्याआधीच भिंतीवर ऑइलचा चकचकीत थर चढतो आणि गाडी ऑइल खायला लागते. उलट पहिल्याच दिवसापासून पूर्ण रेस दिली, तर न जुळलेले भाग तापतात, भिंतीवर ओरखडे उठतात.

म्हणूनच अनेक गाड्यांच्या पुस्तिकांत सुरुवातीच्या साधारण १००० किलोमीटरसाठी सूचना असते : ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबू नका, एकाच वेगाने फार वेळ चालवू नका. त्या हिशेबाने द्रुतगती मार्गापेक्षा आपला अलिबाग-मुरूड रस्ता बरा. चौल-रेवदंड्याच्या वाड्यांमधून गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरात सरकते, साळावचा पूल ओलांडला की जरा धावते, काशीदच्या आसपासच्या चढावर तिचा कस लागतो. तिथे वरच्या गिअरात रेटत न्यायची नाही. इंजिनाचा आवाज जड झाला की गिअर पाडायचा.

खरे हाल होतात ते बंगल्याच्या आवारात झाकून ठेवलेल्या गाडीचे. राखणदार रोज दहा मिनिटं ती जागच्या जागी चालू ठेवतो. भार नाही, त्यामुळे रिंगा बसत नाहीत. इंजिन नीट तापतही नाही, त्यामुळे न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. मालकाला मात्र वाटतं, गाडी किती जपली!

माणसांच्या बाबतीतही आपण हीच दोन टोकं गाठतो. कामावर नव्याने लागलेल्या पोराला एक तर महिनोन्‌महिने फायली लावायला बसवतो, नाहीतर पहिल्याच आठवड्यात सगळा डोलारा त्याच्या अंगावर टाकतो. त्याला हवा असतो खराखुरा चढ, पण झेपेल असा. आणि गिअर कधी पाडायचा हे सांगणारं कुणीतरी शेजारी. असं बेताने राबवणं हे जपण्याहून अवघड आहे, कारण त्यासाठी समोरच्याचा आवाज सतत ऐकत राहावं लागतं.