वर्गणी आणि मौन

सत्कार्याला वर्गणी देणें अवघड, कीं त्या कार्याचें नांव घरांत उच्चारणें अवघड? प्रश्न विचित्र वाटेल. पण स्तनाच्या कर्करोगाविषयीं तो खरा आहे. मदतनिधीच्या पावतीपुस्तकांत आपण आनंदानें आंकडा घालतों. मात्र त्याच रोगाची गोष्ट आईपाशीं वा बहिणीपाशीं काढावयाची म्हटली म्हणजे मर्यादा आड येते. या मौनाला आपण शालीनता म्हणतों. परंतु जें मौन प्राणावर बेततें, त्याला शालीनता कोणत्या न्यायानें म्हणावें?

मुंबईंत टाटा स्मारक रुग्णालयानें १९९८ मध्यें एक प्रयोग आरंभिला. सुमारें दीड लाख स्त्रियांपैकीं निम्म्यांची तपासणी, गरीब वस्त्यांत जाऊन, शिकवून तयार केलेल्या स्त्रीसेविका दर दोन वर्षांनीं केवळ हातानें करीत आणि रोगाचीं लक्षणें समजावून सांगत. वीस वर्षांचें फलित २०२१ मध्यें प्रसिद्ध झालें. पन्नाशीपुढील स्त्रियांत या रोगाचे मृत्यु जवळजवळ ३० टक्क्यांनीं घटले होते. त्याहून तरुण स्त्रियांत मात्र तसा लाभ दिसला नाहीं.

सेविकांच्या वेतनाला द्रव्य लागतेंच. म्हणून वर्गणी अवश्य द्यावी. पण द्रव्य दारापर्यंत पोंचवितें. पुढें शब्दच जातो. त्या वस्त्यांतील हजारों स्त्रियांनीं संकोच सोडला. आपण सुशिक्षितांनीं पावती घेऊन बोलण्याचें कर्तव्य तर चुकविलें नाहीं ना, हें ज्यानें त्यानें आपल्या मनास विचारावें.