दोन आजोबा आणि एक भुयार

निवांत बसा. मराठी बायबल हाताशी असेल तर मत्तयचा पहिला अध्याय काढा. नसेल तर मी सांगतो ते मनात धरा. येशूची वंशावळ आहे. योसेफाच्या बापाचं नाव बघा: याकोब. आता लूकचा तिसरा अध्याय. इथे योसेफ एलीचा मुलगा. मत्तय दावीदापासून शलमोनाच्या शाखेने खाली उतरतो, लूक नाथानाच्या शाखेने वर चढतो. लूककडे पिढ्याही कितीतरी जास्त.

अमरावती-अकोल्यात ज्याने जातपडताळणीची फाइल केली आहे, त्याला जास्त सांगायला नको. एका दाखल्यात आजोबांचं नाव थोडं वेगळं निघालं तरी त्रुटी निघते. इथे तर आजोबाच दोन.

थांबा. मन लगेच त्रुटी भरून काढायला धावेल. त्याच्याकडे नुसतं लक्ष ठेवा. कोणी म्हणतं, लूकची वंशावळ मरीयेची. तिसऱ्या शतकातल्या आफ्रिकानस या ख्रिस्ती लेखकाने सांगितलं की याकोब आणि एली एकाच आईचे; एली निपुत्रिक वारला, याकोबाने त्याच्या विधवेशी लग्न केलं, म्हणून योसेफाला एक बाप रक्ताचा, एक कायद्याचा. घडू शकतं. पण यादीत हे कुठेच नाही, आणि लूकच्या यादीत मरीयेचं नावसुद्धा नाही. शिवाय जन्म कुमारीच्या पोटी, तर योसेफाची वंशावळ कशासाठी? या प्रश्नापाशी जरा रेंगाळा.

येशूला धरून देणाऱ्या यहूदाचंही तसंच. मत्तयमध्ये तो गळफास घेतो; प्रेषितांच्या कृत्यांत पालथा पडून पोट फुटून मरतो. त्या फितुरीच्या पैशांतून शेत एकीकडे याजक विकत घेतात, दुसरीकडे तो स्वतः. दोर तुटला असेल, असं म्हणून दोन्ही मरणं एकाच दोरीला बांधतात.

जुन्या ख्रिस्ती लोकांना हे दिसत नव्हतं असं नाही. दुसऱ्या शतकात तातियानने मत्तय-लूकसकट चारही शुभवर्तमानं गुंफून एकच सलग पुस्तक केलं. सीरियात ते बराच काळ वाचलं गेलं. पाचव्या शतकात ते बाजूला सारून चार वेगळी पुस्तकंच ठेवली. मला हे प्रामाणिक वाटतं. चारांत एकही चूक नाही, हा हट्ट मात्र पटत नाही.

हसू आलं असेल तर येऊ द्या, आणि आता तसाच प्रश्न आपल्या घरी विचारायला अंबादेवीच्या देवळाकडे चला. रुक्मिणीहरण इथूनच झालं असं अमरावतीत मानतात. रुक्मिणीचं माहेर कौंडण्यपूर, वर्धेच्या काठी, इथून सुमारे ४० किलोमीटर. भागवतात ती लग्नाआधी देवीच्या दर्शनाला पायी जाते. नवरी मुलगी, एवढं अंतर? मग सांगतात, भुयार होतं.

भुयाराने अंतर कमी होतं का? हा प्रश्न मोठ्याने विचारून पाहा, तोही देवळाच्या आवारात, आईच्या शेजारी उभं राहून. लूकला विचारताना माझी जीभ अडखळत नाही. इथे अडखळते.