दिवा आणि पाहणारे

ख्रिस्ताच्या गिरिप्रवचनांत दोन आज्ञा अशा आहेत कीं, त्या शेजारीं ठेविल्या म्हणजे विचारी वाचक घोटाळ्यांत पडतो. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पांचव्या अध्यायांत शिष्यांनीं आपला प्रकाश झांकून ठेवूं नये असें सांगितलें आहे. आणि सहाव्याच्या आरंभींच लोकांनीं पाहावें म्हणून धर्माचरण करूं नये, अशी ताकीद आहे. मग श्रद्धावान मनुष्यानें करावें तरी काय?

हेतु शुद्ध असला म्हणजे झालें, हें नेहमींचें उत्तर आम्हांस अपुरें वाटतें. आपला हेतु आपणांसही पुरता कळत नाहीं. म्हणून कसोटी बाहेर शोधली पाहिजे. ती आमच्या मतें अशी : ज्याच्यावर प्रकाश पडतो, त्याला 'नाहीं' म्हणण्याची मोकळीक उरते कीं नाहीं?

पंडिता रमाबाईंनीं १८८९ मध्यें मुंबईस शारदासदन काढलें व पुढें तें पुण्यास नेलें. मुलींना ख्रिस्ती वळण लागत आहे या कारणावरून १८९३ मध्यें मोठा वाद माजला आणि रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतकही दूर झाले. बाईंचें म्हणणें, आपण कोणावर सक्ती करीत नाहीं. पण स्वतःची प्रार्थना दार लावून करणार नाहीं. हें म्हणणें आम्हांस सरळ वाटतें. तरीही जिच्या हातचें अन्न आपण खातों, तिच्या प्रार्थनेकडे एखादी पोरकी मुलगी कितपत मोकळ्या मनानें पाहूं शकेल, हा प्रश्न शिल्लक राहतोच. १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून शेंकडों मुली आणून बाईंनीं केडगांवीं जगविल्या, या पुण्याईनें तो प्रश्न लहान होतो. नाहींसा होत नाहीं.

आतां दुसरें उदाहरण पाहूं. रेव्हरंड ना. वा. टिळकांनीं १८९५ मध्यें बाप्तिस्मा घेतला तो पत्नीस अंधारांत ठेवून. लक्ष्मीबाईंच्या वांट्यास त्या प्रकाशानें प्रथम वियोग आणि लोकनिंदाच आली. कांहीं वर्षांनीं त्या पतीकडे राहावयास आल्या त्याही आपलें सोवळें घेऊनच. टिळकांनीं तें मोडलें नाहीं. बाईंचे विचार पालटले ते त्यांच्या स्वतःच्या मननानें, आणि मगच १९०० मध्यें त्यांनीं दीक्षा घेतली. 'स्मृतिचित्रें' वाचतांना टिळकांचा तापट स्वभाव व घर रिकामें करणारें औदार्य हीं दोन्हीही दिसतात. तेथें सदोष माणूस आहे. मखरांतला संत नाहीं. पण ज्या पत्नीला एकदां न विचारतां दुखविलें, तिच्या मनाची वाट पाहण्यास तो शिकला होता.

आम्ही ख्रिस्ती नाहीं. तथापि गिरिप्रवचनांतील त्या दोन आज्ञांचा मेळ आम्हांस या वाट पाहण्यांत दिसतो. घरांतल्या माणसांपुढें देखावा फार दिवस टिकत नाहीं, आणि खरें आचरण तेथें झांकूनही राहत नाहीं. दिव्याचें काम वाट दाखविण्याचें. कोणीकडे जावयाचें, हें चालणाऱ्यानें ठरवावें. उजेडाच्या मोबदल्यांत वाटसरूची दिशाच मागून घेणारा कोणत्याही धर्माचा असो, त्याच्या हातांत दिवा असला तरी तो लगामही धरून आहे, असें आम्ही समजतों.