आठ-एकची बाई कुठे गेली?

बस इथे. हा प्रबंध मी सही न करता परत देते आहे. का, ते नीट ऐक.

निष्कर्षाचं पान उघड. ‘मीरा-भाईंदरमधील ९५ टक्के महिलांचे हिमोग्लोबिन १०.४ ते ११.४ ग्रॅमच्या दरम्यान आहे.’ हे लिहिताना स्वतःची यादी तरी पाहिलीस? तिसऱ्याच ओळीत ८.१ आहे, खाली १३.२ आहे. प्रमाण विचलन दीड ग्रॅम. त्याला नमुन्यातल्या ३६ जणींच्या संख्येच्या वर्गमुळाने भागलंस, प्रमाण त्रुटी आली पाव ग्रॅम. टी-कोष्टकातल्या २.०३ ने गुणून १०.९ च्या दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा ग्रॅम घेतलास. गणित बरोबर. पण तो अर्धा ग्रॅम सरासरीच्या अंदाजातला आहे गं, बायकांच्या रक्तातला नाही! बाईबाईतला फरक दीड ग्रॅमचाच राहतो. ८.१ वालीला तू एका वाक्यात गायब केलंस, आणि औषधाची गरज सगळ्यात जास्त तिलाच आहे.

९५ टक्के भरवसा पद्धतीचा असतो. असे नमुने पुन्हापुन्हा घेतले, तर शंभरातल्या साधारण पंचाण्णव मर्यादांत खरी सरासरी सापडेल. संख्याशास्त्रज्ञ नेमनने १९३७ साली हे मांडलं. त्याच्याच हाताखाली लंडनला शिकलेले आपल्या सातारा जिल्ह्यातले पां. वा. सुखात्मे पुढे पोषणाच्या वादात बजावत राहिले, की सरासरी गरजेच्या मापाने एकेकाला मोजू नका.

आता खरा राग कशाचा, तेही ऐक. तुझा सगळा नमुना म्हणजे उत्तनचं एक शिबिर, कामाचा दिवस, भर दुपार. सकाळची लोकल पकडून चर्चगेटला गेलेली बाई तिथे येणार कशी? काशीमिऱ्याच्या पाड्यावरची आली का? नया नगरची? २०११ च्या जनगणनेतच आठ लाखांवर गेलेलं हे शहर तू छत्तीसजणींत उरकलंस. चिठ्ठ्या टाकून निवडलेला नमुना असेल, तरच ते सूत्र लागू पडतं. अशाच शिबिरांतून १४४ जणी आणल्यास, तर मर्यादांमधलं अंतर निम्मं होईल, चूक तशीच राहील आणि वर जास्त खात्रीची दिसेल. उद्या कुणी याच आकड्यावर लोहाच्या गोळ्या वाटायला घेईल, कळतंय का?

ते वाक्य खोड. शीर्षकातून शहराचं नाव काढ, ‘उत्तनच्या शिबिरात आलेल्या महिला’ असं लिही. शहराबद्दल बोलायचंच असेल, तर प्रभागवार घरांची यादी मिळव आणि चिठ्ठ्या काढ. दाराला कुलूप दिसलं म्हणून शेजारचं दार वाजवायचं नाही. संध्याकाळी बायका स्टेशनवरून घरी पोचल्या, की त्याच दारात पुन्हा जायचं.