पराभवाचे पठण

संकट माणसाला शहाणे करते, असे आपण सर्रास म्हणतो. पण आजूबाजूला नीट पाहिले, तर संकटाने कडवट झालेली, धास्तावलेली, दुसऱ्याच्या दुःखाबाबत बोथट झालेली माणसेही कमी दिसत नाहीत. संकट आपणहून काहीच शिकवत नाही. त्यातून काय घ्यायचे आणि काय मुळीच घ्यायचे नाही, हे माणसाला ठरवावे लागते. इस्लामी शिकवणुकीत या प्रश्नाचा फार बारकाईने विचार झाला आहे. तो सगळा विचार ‘अल्लाहची मर्जी, सब्र करा’ एवढ्यावर आटोपला जातो, याचे मला मनापासून वाईट वाटते. सब्र, म्हणजे धीर, आहेच, पण तो सोसण्यापुरता नाही.

उहुदची लढाई घ्या. इ.स. ६२५, हिजरी सन ३. मक्केचे सुमारे ३,००० सैनिक मदिनेवर चालून आले. शहरातच राहून लढावे, असा पैगंबरांचा कल होता. आदल्या वर्षी मुसलमानांनी मक्केविरुद्ध जिंकलेली बद्रची लढाई हुकलेल्या तरुणांना मात्र मैदान हवे होते. मशवरा, म्हणजे सल्लामसलत, झाला, बहुतेकांनी बाहेर पडण्याचा आग्रह धरला आणि पैगंबरांनी तो मानला. निघालेल्या हजार जणांपैकी तीनशे जण वाटेतूनच माघारी फिरले. उरलेल्या सातशेंची पाठ राखण्यासाठी एका टेकाडावर ५० तिरंदाज उभे करण्यात आले. जय होवो की पराजय, जागा सोडायची नाही, असा त्यांना स्पष्ट हुकूम होता.

शत्रू पळू लागला. खाली लूट गोळा होताना दिसली आणि बहुतेक तिरंदाज टेकाड उतरले. त्यांचे नायक अब्दुल्लाह इब्न जुबैर त्यांना अडवत राहिले आणि शेवटी मोजक्या साथीदारांसह तिथेच मारले गेले. तेव्हा मक्केच्या बाजूने लढणारे खालिद इब्न वलीद घोडदळ घेऊन पाठीमागून आले. सुमारे ७० मुसलमान कामी आले. त्यांत पैगंबरांचे चुलते हमजा होते. खुद्द पैगंबरांचा दात तुटला, चेहरा रक्ताने भरला आणि ते गेल्याची आवई उठली.

या पराभवावर कुराणाच्या तिसऱ्या सूरेत, ‘आले इमरान’मध्ये, दीर्घ भाष्य आहे. ते सांत्वनापाशी थांबत नाही. ही आपत्ती आली कुठून, असे विचारणाऱ्यांना सांगितले जाते, की ती तुमच्यातूनच आली. जयपराजयाचे दिवस माणसांमध्ये फिरते असतात, हेही सांगितले जाते. आणि मग पैगंबरांना उद्देशून जे येते, ते मला या सगळ्या प्रकरणातले सर्वांत धाडसाचे वाटते. तुम्ही या लोकांशी मऊपणाने वागलात, आता त्यांना माफ करा, त्यांच्यासाठी क्षमा मागा आणि कारभारात त्यांचा सल्ला घेत राहा, अशी आज्ञा येते. सल्ला ऐकूनच तर सैन्य शहराबाहेर पडले होते! दुसरा कोणी सेनानी असता, तर यापुढे कोणाला विचारायचे नाही, हाच धडा त्याने घेतला असता. इथे चूक चूक म्हणून नोंदवली गेली, पण चुकणाऱ्यांवरचा विश्वास काढून घेतला नाही. दोन वर्षांनी पुन्हा शत्रू आला, तेव्हा पुन्हा मशवरा झाला. सलमान फारसींनी खंदक खणण्याची कल्पना मांडली, असे चरित्रग्रंथ सांगतात. या वेळी शहरातच पाय रोवले गेले आणि मदिना वाचली.

टेकाड सोडणाऱ्यांची नावे कुराण घेत नाही. आपण मराठी माणसे १७६१च्या पानिपताबद्दल अजून भांडतो, ते बहुधा दोष कोणाच्या माथी मारायचा यावरच. उहुदच्या आयतींत दोष आहे, पण बळीचा बकरा नाही. आणि त्या आयती बखरीत पडून राहिलेल्या नाहीत. रमजानमध्ये तरावीहच्या, म्हणजे रात्रीच्या विशेष, नमाजेत कुराणाचा चौथा पारा (भाग) आला, की इमाम त्या म्हणतात आणि मागे उभी असलेली सफ (रांग) आपल्याच पूर्वजांचा पराभव कारणासकट ऐकते. कुराण पाठ करणारी लहान मुलेही तो पाठ करतात. विजयाचे पोवाडे गाणारे समाज पुष्कळ आहेत. स्वतःची चूक इबादतीचा, उपासनेचा, भाग करणे सोपे नाही.

मात्र प्रत्येक दुःखामागे चूक शोधत सुटणे हाही अन्यायच. धीराने संकटे सोसणाऱ्या अय्यूब नबींचे हाल त्यांच्या पापाचे फळ नव्हते. पैगंबरांचा तान्हा मुलगा इब्राहीम गेला, तेव्हा ते रडले. त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले आणि लोक म्हणू लागले, की मुलाच्या मृत्यूमुळेच हे झाले. शोकात बुडालेल्या बापाने तेव्हाही लोकांना बजावले, की कोणाच्या जन्ममरणासाठी चंद्रसूर्याला ग्रहण लागत नाही. आपल्या दुःखाला आकाशाची साक्ष मिळत असताना ती नाकारायला केवढे बळ लागत असेल!

आणि संकट टाळणे म्हणजे श्रद्धा सोडणेही नव्हे. इ.स. ६३९च्या सुमारास खलीफा उमर शामकडे, म्हणजे सीरियाकडे, निघाले असताना वाटेत सर्घ येथे त्यांना प्लेगची बातमी कळली. त्यांनी साथीदारांशी मसलत केली आणि परत फिरायचे ठरवले. अल्लाहच्या तकदीरीपासून, त्याने ठरवलेल्या नशिबापासून, पळता काय, असे सेनापती अबू उबैदा यांनी विचारले. होय, एका तकदीरीकडून दुसऱ्या तकदीरीकडे, अशा अर्थाचे उत्तर उमर यांनी दिले. साथीच्या मुलखात जाऊ नये आणि आत असलेल्याने तिथून पळू नये, ही पैगंबरांची शिकवण त्याच वेळी अब्दुर्रहमान इब्न औफ यांनी सांगितली. उमर मदिनेला परतले, अबू उबैदा आपल्या माणसांत परत गेले आणि त्याच साथीत वारले. त्यांच्या मरणाला परंपरेने शिक्षा मानले नाही; प्लेगने मेलेल्या श्रद्धावंताला हदीस शहीद म्हणते.

२०२०मध्ये महाराष्ट्रातल्या मशिदी बंद राहिल्या, रमजानची तरावीह घरोघरी झाली, तेव्हा अनेक उलेमांनी साथीच्या मुलखाबद्दलच्या पैगंबरांच्या याच शिकवणीचा आधार दिला. श्रद्धा असलेल्याला काही होत नाही, असे म्हणणारे तेव्हा होते. हा अमक्यांच्या पापाचा कहर आहे, असे म्हणणारेही होते. या दोघांनाही सर्घची हकीकत मोठ्याने ऐकवायला हवी होती आणि पुढची साथ येण्याआधी ती जुम्म्याच्या, म्हणजे शुक्रवारच्या, बयानात वारंवार यायला हवी.